कोटाच्या अस्तरातलं सोनं

1696 च्या जुलैअखेरची गोष्ट. इंग्लंडमधल्या रोचेस्टर गावात जॉन डॅन नावाचा एक खलाशी मुक्कामाला उतरला होता. तिथल्या मोलकरणीच्या हाती त्याचा कोट लागला. कोटाच्या अस्तरात, गोधडीला घालावेत तसे टाके घालून, सोन्याच्या मोहरा शिवलेल्या होत्या. प्रकरण गावच्या मेयरपर्यंत गेलं, डॅन तुरुंगात पडला आणि कोट मेयरच्या ताब्यात राहिला. मोजदाद झाली: 1,045 पौंडांच्या सेक्विन मोहरा आणि वर दहा गिनी, म्हणजे इंग्रजी सोन्याची नाणी. सेक्विन म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाची, जवळजवळ शुद्ध सोन्याची मोहर. हिशेब केला तर त्या अस्तरात सात किलोच्या आगेमागे सोनं होतं. एवढं ओझं अंगावर घेऊन तो माणूस आयर्लंडच्या किनाऱ्यावरून इथपर्यंत आला होता. तेव्हाच्या साध्या खलाशाला शांततेच्या काळात महिन्याला सव्वा पौंडाच्या आसपास पगार मिळे. म्हणजे आठशेहून जास्त महिन्यांची कमाई एका कोटात.

मोहरा मोजल्या गेल्या, लिहिल्या गेल्या, आज सव्वातीनशे वर्षांनी आपल्याला तो आकडा पौंडापर्यंत ठाऊक आहे. ज्या जहाजावरच्या लुटीतून डॅनचा हा वाटा निघाला, त्या गंज-ए-सवाई या मुघल जहाजावर किती बायकांनी जीव दिला, तो आकडा कुठेच नाही.

ही गोष्ट डोक्यातून जात नाही. चाच्यांच्या कथा आपण खजिन्याच्या कथा म्हणून वाचतो. किती पेट्या, किती नाणी, माणशी किती वाटा. डॅनचा कप्तान हेन्री एव्हरी याची कथा तर हमखास अशीच सांगितली जाते: एका दणक्यात जगातल्या सगळ्यात श्रीमंत बादशहाचं जहाज लुटणारा आणि कधीही हाती न लागलेला चाचा. त्याच्या हयातीतच लंडनच्या रस्त्यांवर त्याच्यावरची गाणी विकली जात होती. पुढे तर त्याने जहाजावरच्या मुघल शहजादीशी लग्न केलं आणि मादागास्करला राज्य थाटलं, अशी दंतकथा रचून ती लोकांना आवडूही लागली. जहाजावर खरोखर काय झालं हे माहीत असताना ही लग्नाची गोष्ट वाचली की संताप येतो.

सुरुवात मात्र साध्या पगाराच्या भांडणाने झाली. सर जेम्स हूब्लन आणि इतर लंडनच्या सावकारांनी स्पेनच्या परवानगीने वेस्ट इंडीजकडे जाणारी एक मोहीम उभी केली. 1693 च्या ऑगस्टमध्ये जहाजं निघाली आणि स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात कागदपत्रांची वाट पाहत महिनोन् महिने अडकून पडली. दर सहा महिन्यांनी पगार द्यायचा करार होता, तो मोडला. खलाशांच्या बायकांनी लंडनमध्ये मालकांच्या दारी विनवण्या केल्या, त्या व्यर्थ गेल्या. 7 मे 1694 च्या रात्री शेजारच्या जहाजावरून एक होडी मोहिमेतल्या चार्ल्स द सेकंड या जहाजाला येऊन भिडली आणि ‘दारुडा बोसन (खलाशांचा मुकादम) आहे का जहाजावर?’ असा खुणेचा प्रश्न आला. कप्तान गिब्सन तापाने पडून होता. पहिला मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, असलेल्या एव्हरीने जहाज बंदराबाहेर काढलं, गिब्सनला आणि ज्यांना यायचं नव्हतं अशा काहींना नावेत बसवून किनाऱ्याकडे पाठवलं आणि जहाजाचं नाव बदलून फॅन्सी ठेवलं. पगार बुडवणाऱ्या मालकांविरुद्ध उठलेल्या या माणसांबद्दल इथपर्यंत मला सहानुभूती वाटते, हे नाकारत नाही. म्हणूनच पुढचा प्रवास जास्त बोचतो.

एव्हरी खरा तरबेज होता तो जहाज सजवण्यात. आफ्रिकेच्या पश्चिमेच्या फर्नांडो पो बेटावर त्याने फॅन्सीच्या वरच्या मजल्याचं बांधकाम कापून काढलं. वरचं ओझं कमी झालं की जहाज कमी डोलतं, वाऱ्याला आडवी येणारी उंच लाकडी भिंत नाहीशी होते आणि तेवढ्याच शिडांत वेग वाढतो. त्याच्या जोडीला बूड साफ करायचं काम. उष्ण समुद्रात काही महिन्यांतच लाकडी बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. लाकूड पोखरणारे किडे फळ्यांत शिरतात ते वेगळेच. मग एखाद्या निवांत खाडीत तोफा, पिंपं, निरम (तळाशी भरलेलं वजन) सगळं उतरवून जहाज हलकं करायचं, डोलकाठ्यांना दोर बांधून ते एका कुशीवर कलतं करायचं, उघड्या पडलेल्या बुडावर पेटत्या झावळ्या फिरवून थर सैल करायचा आणि खरवडायचा. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर ओतायचं, शेवटी चरबी आणि गंधकाचा लेप द्यायचा. एक कूस झाली की दुसरी. या काळात जहाज पूर्ण असहाय असतं, कुणी गाठलं तर प्रतिकार शून्य. म्हणून चाच्यांना मादागास्कर आणि कोमोरो बेटांसारख्या, कुणाचंच राज्य धड नसलेल्या जागा लागत. व्यापारी जहाजाला मात्र हे परवडत नाही, कारण भरलेला माल उतरवून पंधरा-पंधरा दिवस बसून राहणं म्हणजे मोसम बुडवणं. समुद्रावर चाचा व्यापाऱ्याला गाठतो यामागे धाडसापेक्षा हे खरवडलेलं बूड जास्त असतं.

कोमोरोमधल्या जोहाना बेटावर 1695 च्या फेब्रुवारीत एव्हरीने सगळ्या इंग्रज कप्तानांच्या नावे एक पत्र ठेवलं. माझ्याकडे 46 तोफा आणि 150 माणसं आहेत, आम्ही नशीब काढायला निघालो आहोत, इंग्रज किंवा डच जहाजाला मी आजवर धक्का लावलेला नाही. ओळख पटवायची असेल तर निशाण गुंडाळून मागच्या डोलकाठीवर चढवा, मी तसंच उत्तर देईन. पण माझी माणसं भुकेली आणि हट्टाला पेटलेली आहेत, ती माझ्या हाताबाहेर गेली तर माझा इलाज नाही. या पत्रात कुणाला सोडायचं ते लिहिलं आहे. कुणाला लुटायचं ते लिहायची गरजही त्याला वाटली नाही.

सुरतेच्या हाजींच्या जहाजांचं वेळापत्रक वाऱ्याने ठरवलेलं होतं आणि ते साऱ्या जगाला माहीत होतं. जाताना जहाजांत कापड, परतताना सोनं-चांदी. बुऱ्हाणपूरपासून गुजरातपर्यंतच्या मागांवरचं कापड तांबड्या समुद्रावरच्या मोखा आणि जेद्दा बंदरांत विकलं जाई आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मोहरांत त्याची किंमत मिळे. डॅनच्या कोटातल्या सेक्विन या अशा वाटेने आलेल्या होत्या. पावसाळा ओसरता ओसरता, ऑगस्टअखेरीस तांबड्या समुद्रातून बाहेर पडायचं आणि नैऋत्येच्या उतरत्या वाऱ्यावर सप्टेंबरात सुरत गाठायची. त्याआधी निघालं तर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर खवळलेला समुद्र, फार उशिरा निघालं तर वाराच उलटा. आणि बाहेर पडायचा दरवाजा एकच: बाब-अल-मंदब, जेमतेम तीस किलोमीटरची सामुद्रधुनी, त्यातही मध्ये पेरिम बेट. एव्हरी तिथे जाऊन थांबला. अमेरिकन वसाहतींतून आलेली आणखी पाच छोटी चाचे जहाजं त्याला मिळाली, त्यांतल्या ॲमिटीचा कप्तान टॉमस ट्यू हा आधीच नावाजलेला.

तरीही पंचविसेक जहाजांचा तो ताफा एका रात्री त्यांच्या नजरेसमोरून निसटला. दुसऱ्या दिवशी पकडलेल्या एका लहान गलबताकडून हे कळलं. मग पाठलाग. साथीदारांतलं डॉल्फिन फार मंद चालतं म्हणून जाळून टाकलं आणि माणसं फॅन्सीवर घेतली. ॲमिटी मागे पडली. ट्यू याच मोहिमेत एका मुघल जहाजाशी झुंजताना मारला गेला. फॅन्सीने आधी फतेह मुहम्मद गाठलं, सुरतेचा सगळ्यात मोठा व्यापारी अब्दुल गफूर याचं जहाज. त्यावर पन्नास-साठ हजार पौंडांची लूट मिळाली. मग सप्टेंबरात, मुंबई आणि सुरतेच्या दरम्यान, संजाणच्या टोकाच्या आसपास, गंज-ए-सवाई दिसलं. खुद्द औरंगजेबाच्या मालकीचं, सुरत बंदरातलं सगळ्यात मोठं जहाज. त्या काळचा मुघल इतिहासकार खाफी खान त्यावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या असं लिहितो आणि रोकड बावन्न लाख रुपयांची सांगतो. समोरचं इंग्रज जहाज याच्या मानाने फारच लहान होतं, असंही तो म्हणतो.

मग हे जहाज पडलं कसं? लढाईच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी घडल्या. गंज-ए-सवाईवरची एक तोफ फुटली आणि तीन-चार माणसं जागीच गेली. आणि फॅन्सीच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली.

तोफ फुटणं म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. तोफेच्या प्रत्येक बाराआधी ओल्या कुंच्याने नळी आतून पुसायची, म्हणजे मागची ठिणगी राहत नाही. मग दारू, त्यावर चिंध्यांचा बोळा, मग गोळा, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर गजाने घट्ट ठासायचा. मग तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या छिद्रात, रंजक (पेटवायची बारीक दारू) घालून बत्ती. ओतीव लोखंडात आत बुडबुडे राहिले असतील, खाऱ्या हवेने नळी आतून खाल्ली असेल, गडबडीत दोनदा दारू पडली असेल किंवा गोळा दारूपर्यंत न पोचता मध्ये पोकळी राहिली असेल, तर जोर गोळ्यावर न जाता नळीच्या भिंतीवर येतो. मग लोखंडाचे तुकडे तोफेमागच्या माणसांवरच उडतात. बुटक्या छताखाली, धुरात, दारूच्या पिशव्यांशेजारी. त्यानंतर शेजारच्या तोफेवरच्या माणसाचा हात बत्ती देताना थरथरतो. आपलीच तोफ आपल्याला मारेल अशी भीती एकदा बसली की जहाजावर तोफा किती, याला अर्थ राहत नाही.

डोलकाठीचंही तसंच. ती एकटी पडत नाही. तिच्यासोबत परबाण (शिडाची आडवी काठी), शिडं आणि तिला तोलून धरणारे सगळे दोर येतात, आणि हा पसारा वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला कोसळून जहाजाला लोंबकळत राहतो. ओलं शीड पाण्यात नांगराचं काम करतं, जहाज त्या कुशीकडे वळू लागतं, सुकाणू ऐकत नाही. त्या बाजूच्या तोफांची तोंडं कापडाने झाकली जातात आणि बार केला तर आपलंच शीड पेटतं. कुऱ्हाडी घेऊन दोर तोडत बसायचं की शत्रूवर गोळ्या झाडायच्या? शेकडो प्रवासी वरखाली धावत असताना हा निर्णय घ्यायचा असतो. हलकं, चपळ जहाज तेवढ्यात मागून येऊन बाजूला भिडतं.

नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान, इब्राहिम खानाने काय केलं हे खाफी खान कडवटपणे सांगतो: मोखाहून आणलेल्या तुर्की दासींच्या डोक्यावर पागोटी चढवली, हातात तलवारी दिल्या आणि स्वतः खाली तळघरात पळाला. इंग्रज तलवारीच्या कामात कच्चे, जहाजावर हत्यारं भरपूर, कप्तानाने उभं राहून लढा दिला असता तर ते हरले असते, असं त्याचं मत. मला यातली दासींची गोष्ट थोडी बाजारगप्प वाटते. पराभवाचं सगळं खापर एका भित्र्या माणसावर फुटलं की दरबाराला बरं वाटतं. दोन-तीन तास लढाई चालली होती, म्हणजे कुणीतरी लढत होतं. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

पुढचे सात दिवस मात्र गप्प नाहीत. याबाबत शत्रूंचे कागदही एकच बोलतात. खाफी खान लिहितो की चाच्यांनी आठवडाभर जहाज लुटलं, पुरुषांचे कपडे उतरवले, म्हाताऱ्या आणि तरुण बायकांवर अत्याचार केले. कित्येकींनी समुद्रात उड्या टाकल्या, कित्येकींनी सुऱ्या-खंजिरांनी स्वतःला संपवलं. मुंबईचा गव्हर्नर जॉन गेयर याने त्याच ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीला कळवलं, की पैसा कुठे दडवलाय हे वदवून घ्यायला चाच्यांनी लोकांचे अमानुष हाल केले. बादशहाच्या नात्यातली, उतारवयात हज करून परतणारी एका बड्या उमरावाची पत्नी जहाजावर होती, तिलाही सोडलं नाही. आपल्याच देशबांधवांविरुद्ध असं लिहिण्यात गेयरचा काहीच फायदा नव्हता. त्याने लिहिलं, कारण सुरतेत ते सगळ्यांना कळलेलं होतं.

जहाज सुरतेला लागलं तेव्हा शहर पेटून उठलं. सुभेदार इतिमाद खानाने इंग्रज वखारीला पहारा बसवला, प्रेसिडेंट सॅम्युअल ॲन्स्लीसह साठेक इंग्रजांच्या पायांत बेड्या पडल्या. जमावापासून त्यांचा जीव वाचला तोही याच पहाऱ्यामुळे, हे सांगायला हवं. 1696 च्या जूनपर्यंत ते अडकून होते. औरंगजेबाची छावणी तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, मराठ्यांशी युद्ध चालू होतं, राजाराम महाराज जिंजीला होते. त्या धामधुमीतही मुंबईवर चाल करायचा हुकूम जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाला गेला. या याकूतखानाने 1689-90 मध्ये मुंबई वेढून इंग्रजांना दीड लाख दंड आणि माफी या थराला आणलं होतं, त्यामुळे हुकूम पोकळ नव्हता.

खाफी खानाची मुंबईभेट याच काळातली. राहिरीचा, म्हणजे आपल्या रायगडाचा मुघल फौजदार अब्दुर रज्जाक याच्यासाठी सुरतेहून जवळजवळ दोन लाखांचा माल घेऊन तो किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला होता. वाटेत मुंबईच्या किल्ल्यात त्याचं स्वागत झालं. दुतर्फा आधी कोवळी पोरं, मग दाढी फुटलेले जवान, मग पिकल्या केसांचे बंदुकधारी अशा रांगा उभ्या होत्या. त्याने एक हिशेब मांडून ठेवला आहे. मुंबईचं उत्पन्न सुपारी-नारळाचं, दोन-तीन लाखांचं. व्यापाराचा नफा धरला तरी वीस लाखांवर जात नाही. बाकीचा खर्च भागतो तो मक्केहून परतणाऱ्या जहाजांच्या लुटीतून. ती जहाजंही जाताना नाही, येताना लुटली जातात, कारण येताना सोनं असतं. एव्हरी कंपनीचा नोकर नव्हता आणि कंपनीचंच त्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं, म्हणून हा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. पण जो माणूस तटावरची इंग्रज निशाणं बघून आला होता, त्याला समुद्रावरच्या दोन इंग्रजांत फरक का दिसावा?

एव्हरी तोवर अटलांटिकपार पोचला होता. 1696 मध्ये बहामातल्या नासाऊला ‘हेन्री ब्रिजमन’ या नावाने तो उतरला. गव्हर्नर निकोलस ट्रॉटला माणशी वीस स्पॅनिश डॉलर, स्वतःचे चाळीस, वर हस्तिदंत, बंदुकीची दारू आणि अखेर फॅन्सी जहाजच देऊन टाकलं. ट्रॉटने प्रश्न विचारले नाहीत. माणसं पांगली. एव्हरी जूनमध्ये आयर्लंडच्या डनफॅनाघीला उतरला. त्याच्यावर आधी पाचशे, मग हजार पौंडांचं इनाम लागलं. त्याचा शेवटचा माग आपल्याला डॅनच सांगतो: सेंट ऑल्बन्सला घोडागाडीत चढणारी, फॅन्सीवरच्या क्वार्टरमास्टर ॲडम्सची बायको भेटली, ब्रिजमनला भेटायला निघाले म्हणाली, कुठे ते सांगितलं नाही. संपलं.

लंडनमध्ये खटल्याला उभे केले ते सहा. जोसेफ डॉसन, एडवर्ड फोर्सिथ, विल्यम मे, विल्यम बिशप, जेम्स लुईस, जॉन स्पार्क्स. डॅन आणि फिलिप मिडलटन नावाचा एक पोरगा माफीचे साक्षीदार झाले. 19 ऑक्टोबर 1696 ला ओल्ड बेली या कोर्टात खटला उभा राहिला, आरोप गंज-ए-सवाईच्या लुटीचा. सरकारला हा निकाल औरंगजेबाला दाखवायला हवा होता. डॉसनने गुन्हा कबूलच केला होता. उरलेल्या पाचांना ज्यूरीने निर्दोष ठरवलं.

एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. म्हणून बारा दिवसांनी नवा आरोप आला: चार्ल्स द सेकंड हे इंग्रज मालकांचं जहाज चोरल्याचा. साक्षीदार तेच, माणसं तीच. यावेळी दोषी. पुढे इतर लुटींचे आरोपही त्यांना चिकटले, पण गंज-ए-सवाईपुरता त्यांचा निर्दोषपणा कायदेशीररीत्या अबाधित राहिला. डॉसनला जीवदान मिळालं, उरलेल्या पाचांना 25 नोव्हेंबरला टेम्सकाठी वॉपिंगला फाशी दिलं. स्पार्क्स फासाखाली जे बोलला ते छापलेल्या वृत्तान्तात राहिलं आहे. त्या गरीब हिंदी लोकांचे आणि त्यांच्या बायकांचे आपण जे हाल केले ते आपल्याला छळतात, आणि जहाज पळवल्यापेक्षा त्या क्रौर्यासाठी हे मरण आपल्याला रास्त वाटतं. ज्या गुन्ह्यासाठी कोर्टाने त्याला सोडलं, त्यासाठी त्याने स्वतःला दोषी ठरवलं. या प्रकरणात गंज-ए-सवाईवरच्या बायकांचा उल्लेख गुन्ह्याचं कारण म्हणून करणारा हा एकच इंग्रज आवाज मला सापडतो.

अशा लुटींपायी पुढे हाजींच्या जहाजांना युरोपियांनी संरक्षण द्यायचं ठरलं, समुद्र वाटून घेतला गेला: डचांकडे तांबडा समुद्र, फ्रेंचांकडे इराणचं आखात, इंग्रजांकडे दक्षिणेचा समुद्र. 1698 च्या सप्टेंबरात, हाजींच्या परतीच्या त्याच मोसमात, रॉबर्ट कलिफर्ड आणि त्याच्या साथीदारांनी तांबड्या समुद्रातून परतणारं ग्रेट मुहम्मद लुटलं आणि त्यावरच्या बायकांना आपल्या ताब्यात ठेवलं.  कलिफर्ड पुढे माफीच्या भरवशावर शरण आला, 1701 मध्ये लंडनमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि दुसऱ्या एका चाच्याविरुद्ध साक्ष देऊन तो जिवंत सुटला.